नात्याच्या रकान्यात काय लिहू?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात मी २६ वर्षं आरोग्य सेविका होते. गावात आम्हाला सिस्टर म्हणतात. लसीकरण, बाळंतपणं, साथीचे ताप यांतच बहुतेक नोकरी गेली. शेवटच्या काही वर्षांत मात्र बीपी आणि शुगरची यादी माझ्या टेबलावर आली, आणि गावातल्या बायांच्या मनाला काय काय लागून आहे ते मला त्या यादीनं शिकवलं.

२०१९ च्या कापूस वेचणीत एका दुपारी त्या यादीतली एक बाई शेतातच खाली बसली. वय ४७, नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. कळ छातीत नव्हती. जबड्यात होती, पाठीत दोन खांद्यांच्या मध्ये होती, आणि पोटात ढवळत होतं. बरोबरीच्या बायांनी 'गॅस झाला असन' म्हणून लिंबू-सोडा पाजला. एकटी तिची मैत्रीण ऐकेना. "हे गॅसचं नोहे. चार दिवसांपासून तिले रात्री झोप नाही, घामानं भिजून राह्यली. मले मालूम हाय." तिनंच ऑटो आणला. प्राथमिक आरोग्य केंद्रात ईसीजी निघाला, १०८ आली, यवतमाळ झालं, आणि तिथून नागपूर. मी सोबत गेले, कारण गाडीत बसायला घरचं दुसरं कुणी नव्हतं.

नागपूरच्या त्या दवाखान्यात रात्री साडेदहाला एक फॉर्म पुढे आला. पेशंटचं नाव, वय, पत्ता. खाली, सोबत आलेल्या व्यक्तीचं नाव. त्याच्यापुढे, नाते.

मैत्रिणीनं पेन हातात घेतला. लिहितावाचता येत होतं तिला, सातवी पास होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. "नात्यात काय लिहू सिस्टर?" मला उत्तर सुचलं नाही. शेवटी तिनं लिहिलं, 'गावातली'. खिडकीतल्या माणसानं ते वाचून फॉर्म परत केला. रक्ताचं किंवा लग्नाचं नातं असलेलं माणूस बोलवा, सही लागेल.

दोघींची ओळख वीस वर्षांची होती आणि अकरा वर्षं त्यांची चूल एक होती. त्यांच्यात काय आहे ते मी कधी विचारलं नव्हतं. पेशंट असलेल्या त्या बाईनंच एकदा दंडाला मशीनचा पट्टा बांधलेला असताना आपणहून सांगितलं होतं, "माहा जीव तिच्यातच हाय सिस्टर. मालक होते तवाही तसंच होतं." पारा १६० च्या वर होता. मी आकडा लिहिला आणि तिचं बोलणं मनात ठेवलं. आज दोघींना विचारून आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून लिहिते आहे.

डॉक्टरांनी रात्रभर औषधोपचार सुरू ठेवले, हे सांगितलं पाहिजे. अँजिओग्राफीच्या कागदावर मात्र सही झाली ती सकाळी, दिराचा मुलगा पहिल्या एसटीनं आल्यावर. पेशंट शुद्धीत होती, बोलत होती, स्वतःची सही करू शकत होती. तिला कुणी विचारलं नाही.

स्त्रियांचा लैंगिक कल आणि हृदयविकार यांचा काही संबंध आहे का, असा प्रश्न आपल्याकडे कुणी मांडला की दोन प्रतिक्रिया येतात. एक, हे कसले विषय. दुसरी, हे शहरातलं, आपल्या गावात असलं काही नसतं. सव्वीस वर्षं गावातल्या बायांचे दंड हातात घेतलेली बाई म्हणून मला सांगायचं आहे की हा विषय गावातला आहे, हृदयाचा आहे, आणि आपण तो ज्या प्रकारे नजरेआड करतो त्यानं माणसं आजारी पडतात.

जगात यावर बराच अभ्यास झाला आहे. माझं लक्ष वेधलं ते एका अभ्यासानं, कारण त्यातल्या बाया माझ्याच पेशातल्या. अमेरिकेत १९८९ पासून परिचारिकांच्या आरोग्याची एक मोठी पाहणी सुरू आहे. त्यातल्या सुमारे ९० हजार परिचारिकांच्या आयुष्याची लांबी तपासून २०२४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. स्त्रीवर प्रेम करणाऱ्या परिचारिका इतरांच्या मानानं सुमारे २० टक्के लवकर गेल्या होत्या. आणि ज्यांना स्त्री आणि पुरुष दोघांचंही आकर्षण होतं, त्या सुमारे ३७ टक्के लवकर. त्याही नर्सच. बीपी कशानं वाढतं, तंबाखूनं काय होतं हे दुसऱ्याला समजावून सांगणाऱ्या.

त्याआधी २०१३ मध्ये तिथल्याच राष्ट्रीय आरोग्य पाहणीवरून एक हिशेब केला गेला होता. बीपी, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, मधुमेह असे सगळे आकडे धरून रक्तवाहिन्यांचं वय काढलं. स्त्रियांवर प्रेम करणाऱ्या स्त्रियांच्या रक्तवाहिन्या त्यांच्या खऱ्या वयापेक्षा सरासरी सुमारे १४ टक्क्यांनी म्हाताऱ्या निघाल्या. म्हणजे चाळिशीतल्या बाईच्या नसा साडेपंचेचाळीस वर्षांच्या. फक्त पुरुषांशीच संबंध असलेल्या बायांमध्ये हा फरक बराच कमी होता. फ्रान्समध्ये दीड लाखाहून अधिक लोकांच्या पाहणीवरून २०२३ साली आलेला निष्कर्ष मला सगळ्यांत बोलका वाटतो. तिथं समलिंगी आणि दोन्हींकडे कल असलेल्या स्त्रियांच्या हृदयाची तब्येत इतर स्त्रियांपेक्षा कमी प्रतीची होती, आणि तशाच कलाच्या पुरुषांची इतर पुरुषांपेक्षा चांगली होती.

हे नीट वाचावं लागतं. प्रेम कुणावर आहे त्यानंच हृदय बिघडत असतं तर पुरुषांचंही बिघडलं असतं. तेव्हा कारण प्रेमात नाही. बाई म्हणून वाट्याला येतं ते आणि लपवावं लागतं ते, ही दोन ओझी एकाच अंगावर पडतात. त्यात वर्षानुवर्षं सतत सावध राहावं लागतं. कुणी पाहिलं का, कुणी ऐकलं का, कुणी ओळखलं का. शरीराला सावधपणाचं कारण कळत नाही, ते फक्त तयारीत राहतं. रक्तात ताणाची द्रव्यं वाढतात, नाडी पळते, दाब चढतो, साखर वर जाते, झोप तुटते, पोटावर चरबी बसते. महिनाभर असं चाललं तर शरीर सावरतं. वीस वर्षं चाललं तर नसा कडक होतात. इलान मेयर या अमेरिकी अभ्यासकानं नव्वदच्या दशकात या ताणाची मांडणी केली. अल्पसंख्य असण्याचा ताण, असं तो त्याला म्हणतो. आमच्याकडे त्याला धास्ती म्हणतात, आणि तो शब्द मला जास्त नेमका वाटतो.

त्या परिचारिकांमध्ये ज्यांचा कल दोन्हींकडे होता त्या सर्वांत आधी गेल्या. यातल्या बऱ्याच जणींचं लग्न पुरुषाशीच झालेलं असतं. घर, मुलं, नवरा सगळं असतं, आणि मनातलं सांगायला एकही माणूस नसतं. आता आपलं गाव डोळ्यांपुढे आणा. वीस-बाविसाव्या वर्षी मुलीचं लग्न होत नाही असं घर विदर्भाच्या खेड्यात विरळा. तेव्हा इथं स्त्रीवर जीव असलेली बाई वेगळ्या वस्तीत राहत नाही, ती कुणाची तरी सून असते. ती निंदणाच्या टोळीत असते, बचत गटाच्या मीटिंगला असते, आशाताईच्या यादीत 'विवाहित, दोन अपत्ये' म्हणून असते. आपल्याला ती दिसत नाही कारण ती आपल्या घरात बसलेली आहे.

'इथं असलं नसतं' असं म्हणणाऱ्यांना मी गडचिरोलीची आठवण करून देते. १९८९ च्या जानेवारीत डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी केली तर ९२ टक्के जणींना स्त्रीरोगांपैकी किंवा लैंगिक आजारांपैकी कुठला ना कुठला आजार निघाला. एकेका बाईला सरासरी साडेतीनहून जास्त आजार. आणि यापूर्वी कधी तरी तशी तपासणी झालेल्या बाया फक्त ८ टक्के. तोवर सरकारी आरोग्य खात्याला या बाया फक्त गर्भार असताना आणि नसबंदीच्या वेळी दिसत होत्या. बायाच सांगत नाहीत, त्यांना लाज वाटते, असं सगळे म्हणायचे. विचारणारी बाई होती, दार लावलेलं होतं आणि ऐकून घ्यायला वेळ होता, तेव्हा त्यांनी सांगितलं.

त्याच जिल्ह्यातून २०१५ मध्ये आणखी एक आकडा आला. ८६ गावांतल्या मृत्यूंची नोंद ठेवली तर दर सात मृत्यूंपैकी एक मृत्यू पक्षाघातानं झालेला निघाला, आणि पक्षाघातानं गेलेल्यांपैकी बहुतेकांनी घरातच प्राण सोडला. रक्तवाहिन्यांचे आजार शहरातल्या गाडीवाल्यांना होतात, ही समजूत तेव्हाच जायला हवी होती. खेड्यात चालणं भरपूर, खाणं बेताचं, अंगावर मांस नाही, तरी दाब आहे. त्याला कारणं आहेत. मीठ आहे, खर्रा आहे, आणि धास्ती आहे.

खर्ऱ्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण परदेशी अभ्यासात सिगारेट आणि दारू येते आणि आमच्याकडे ते वाचून लोक म्हणतात, आमच्या बाया कुठं सिगारेट ओढतात. ओढत नाहीत. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून पुडी कमरेला खोवतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या दर शंभरातल्या अकरा बाया तंबाखू वापरणाऱ्या निघाल्या, आणि पूर्व विदर्भाच्या गावांतून फिरलेल्या कुणालाही हा आकडा तिकडे किती तोकडा पडतो ते कळेल. खर्रा सोड असं मी हजार वेळा सांगितलं असेल. एक बाई मला म्हणाली, "सोडतो बाई, पर मंग डोक्शातलं बंद कायनं करू?" त्या दिवसापासून मी खर्रा सोड म्हणण्याआधी डोक्यात काय आहे ते विचारायला लागले. आधी विचारायला हवं होतं.

आमच्याकडे तीस वर्षांवरच्या सगळ्यांसाठी आशाताई एक फॉर्म भरतात. सी-बॅक म्हणतात त्याला. वय किती, तंबाखू-बिडी, दारू, कमरेचा घेर, हालचाल, घरात कुणाला बीपी-शुगर-हृदयविकार. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत असली तर शून्य गुण, ९० च्या वर गेली तर दोन. बेरीज चारच्या वर गेली की आधी तपासणीला बोलवायचं. फॉर्म चांगला आहे, मी शेकडो भरून घेतले. वर्धा आणि भंडारा जिल्ह्यांत तर बीपीच्या राष्ट्रीय मोहिमेत गावपातळीवर गोळ्या आणि नोंदी पोहोचवण्याचं काम फार आधी सुरू झालं. पण त्या बेरजेत धास्तीला एकही गुण नाही. ५२ देशांतल्या हृदयविकाराच्या झटक्यांचा २००४ साली प्रसिद्ध झालेला इंटरहार्ट अभ्यास सांगतो की नऊ कारणं मिळून जवळपास सगळा धोका समजावता येतो, बायांमध्ये तर ९४ टक्के. त्या नवांमध्ये मानसिक ताण तंबाखू, बीपी आणि शुगरच्या पंगतीत बसलेला आहे. आमच्या बेरजेच्या पंगतीत त्याचं पान मांडलंच नाही असं मला वाटत राहतं.

इथपर्यंत वाचणारा शहरातला एखादा भला माणूस म्हणेल, मग फॉर्ममध्ये लैंगिक कलाचा रकाना घाला. अमेरिकेच्या हार्ट असोसिएशननं २०२० मध्ये या विषयावर निवेदन काढलं तेव्हा हीच शिफारस केली होती, दवाखान्याच्या नोंदीत कल लिहून घ्या. तिथल्यासाठी ते बरोबर असेल. इथं मी त्याच्या सक्त विरोधात आहे.

आमचं रजिस्टर टेबलावर उघडं असतं. आशाताई कुणाची तरी जाऊ असते, कुणाची नणंद असते. उपकेंद्राच्या ओट्यावर दहा बाया बसलेल्या असतात आणि आत विचारलेला प्रश्न बाहेर ऐकू जातो. त्या रकान्यात एका बाईच्या नावापुढे काही लिहिलं गेलं तर संध्याकाळपर्यंत ते पारावर पोहोचेल, आणि त्या रात्री तिच्या घरी काय होईल ते मी लिहीत नाही. ज्या धास्तीनं तिचा दाब चढला तीच धास्ती आपण सरकारी शिक्क्यानिशी वाढवू. तिचा कल लिहून घेण्यानं तिच्या हृदयाला काहीही मिळणार नाही, जोवर आपलं वागणं तेच आहे.

बदलायचं आहे ते आपलं वागणं, आणि ते तिला एक शब्दही कबूल करायला न लावता बदलता येतं.

पहिलं म्हणजे बाईला पाच मिनिटं एकटीला भेटणं. सासू बाहेर, नवरा बाहेर, आशाताईसुद्धा बाहेर. बीपी दोनदा मोजायचं असतं, त्याआधी पाच मिनिटं शांत बसायचं असतं, हा नियमच आहे. ती पाच मिनिटं वापरायची. मी दार लोटून घेऊन दोनच प्रश्न विचारायचे. रात्री झोप लागते का? आणि तुझ्या तब्येतीचं मी कुणाला सांगितलेलं चालेल, कुणाला नाही? दुसऱ्या प्रश्नानं माझ्यापुढे जितकी दारं उघडली तितकी कुठल्या ट्रेनिंगनं उघडली नाहीत. नवऱ्याचं नाव सांगणाऱ्या फार थोड्या. आई, बहीण, शेजारीण, जावेची मुलगी. आणि कधी कधी एक नाव असं यायचं की ते घेताना बाईचा चेहरा बदलायचा. मी खोदून विचारलं नाही. ते नाव पेन्सिलनं कार्डाच्या मागं लिहिलं, आणि गोळ्या चुकल्या की त्या नावाला निरोप धाडला. गोळ्या परत सुरू व्हायच्या.

एकदा २३ वर्षांची मुलगी धडधडीसाठी आणली होती. लग्न ठरलं होतं, पंधरा दिवस राहिले होते. ईसीजी चांगला, नाडी १२०, तळहात ओले. आई म्हणे बाहेरचं काही लागलं असन, मांत्रिकाकडे नेतो. आईला पाणी आणायला पाठवलं तेव्हा मुलीनं सांगितलं, अमरावतीला होस्टेलवर असताना एक मुलगी होती, अजून आहे, आणि हे लग्न झालं तर मी जगणार नाही. मला त्या क्षणी काय करायचं ते कुणी शिकवलेलं नव्हतं. मी तिचा हात धरून बसले, आणि आईला एवढंच म्हटलं की पोरीच्या जिवाला धोका आहे, लग्न पुढे ढकला, जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचाराच्या डॉक्टरकडे घेऊन जा. गेल्या. लग्न पुढे ढकललं गेलं. तिथल्या डॉक्टरनं तिला 'बरं' करायच्या गोष्टी केल्या नाहीत हे तिचं नशीब. नशीब म्हणते, कारण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात लैंगिक कलावरून भेदभाव करायचा नाही असं स्पष्ट लिहिलेलं आहे, कल बदलण्याचे उपचार हा व्यावसायिक गैरवर्तणुकीचा प्रकार आहे असं राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २०२२ साली सांगितलं, आणि त्याच आयोगाच्या २०२४ च्या न्यायवैद्यकशास्त्राच्या अभ्यासक्रमात स्त्रियांमधले समलिंगी संबंध 'अनैसर्गिक गुन्ह्यां'च्या यादीत परत आले. ओरड झाली तेव्हा सप्टेंबरमध्ये ते मागं घेतलं. सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ ला कलम ३७७ मधून सज्ञान माणसांचं खासगी प्रेम बाहेर काढलं, त्याला तेव्हा सहा वर्षं होत आली होती. पाच-सहा वर्षांनी आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू होणारा तरुण डॉक्टर काय शिकून येणार, हा प्रश्न दिल्लीतला नाही. ती २३ वर्षांची मुलगी त्याच्यापुढे बसणार आहे.

मला एक आक्षेप मनापासून मान्य आहे. गावातल्या सगळ्याच बायांना ताण आहे. दारूडा नवरा आहे, कर्ज आहे, बोंडअळी आहे, नवऱ्यानं फास घेतल्यावर मागं राहिलेल्या आहेत. मग या मूठभर बायांचं वेगळं काय? वेगळं हे, की त्या ताणाला निदान नाव आहे. आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत सरकारनं प्रेरणा प्रकल्प आणला, आशाताईंना घरोघर जाऊन शेतकऱ्याच्या मनाची विचारपूस करायला शिकवलं. शेतकऱ्याला नैराश्य येतं हे आपण सरकारी कागदावर मान्य केलं, मग विचारायला शिकलो. कर्जाचा ताण असलेली बाई शेजारणीपुढे रडू शकते. ही बाई रडली तर काय सांगून रडणार? आणि मी जे मागते आहे ते फक्त तिच्यासाठी नाहीच. परित्यक्ता, विधवा, लग्न न केलेली, मुलं शहरात गेलेली म्हातारी, या सगळ्या एकल बायांची दवाखान्यातली अडचण तीच आहे. सोबत येणारं माणूस एक, आणि कागदावर चालणारं माणूस दुसरं.

म्हणून मी पुन्हा त्या रकान्याकडे येते.

शुद्धीत असलेल्या सज्ञान बाईच्या उपचाराला संमती तिचीच लागते. सर्वोच्च न्यायालयानं १६ जानेवारी २००८ च्या निकालात हे सांगितलं आहे. त्या खटल्यात तर आईनं दिलेली संमतीसुद्धा न्यायालयानं चालवून घेतली नाही. तरीही जिल्ह्याजिल्ह्यांत बाईची सही घेण्याआधी पुतण्या शोधला जातो. भांडणं होतात, नातेवाईक तोडफोड करतात, म्हणून दवाखाने भितात, ते मला समजतं. पण भीतीपोटी आपण बाईचा जीव एसटीच्या वेळापत्रकाला बांधतो.

आणि ती शुद्धीत नसेल तर? यालाही रस्ता आपल्याच कायद्यात दिसतो. मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १४ प्रमाणे कुणीही सज्ञान माणूस आपल्या वतीनं बोलणारा प्रतिनिधी नेमू शकतो. साध्या कागदावर लिहायचं, सही नाही तर अंगठा. स्टॅम्प पेपर नको, नातं नको. मनाच्या आजारासाठी जे साध्या कागदावर होतं ते हृदयाच्या आजारासाठी का होऊ नये? बीपीच्या कार्डाच्या मागं चार ओळी छापा. 'मला बोलता आलं नाही तर माझ्या वतीनं ह्या व्यक्तीला विचारावं.' खाली नाव, फोन, अंगठा. नात्याचा रकाना नको. राज्याच्या आरोग्य खात्यानं मनावर घेतलं तर पुढच्या छपाईत होण्याजोगं काम आहे.

दुसरा कागद रेशन कार्डाचा. आमच्याकडे अँजिओप्लास्टी महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून होते आणि तिथं पहिलं विचारतात ते रेशन कार्ड. त्या दोघींपैकी एकीचं नाव दिराच्या कार्डावर, दुसरीचं भावाच्या. अकरा वर्षं एका चुलीवर भाकर होती, पण कार्डं दोन, दोन्ही परक्या घरांत. कार्ड द्यायचं की नाही हे दिराच्या मर्जीवर, आणि मर्जीला किंमत असते. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला, पण केंद्र सरकारनं त्या खटल्यात कबूल केल्याप्रमाणे समिती नेमली. तिच्या कामातून २०२४ मध्ये केंद्राच्या अन्न विभागानं राज्यांना कळवलं की असे जोडीदार रेशन कार्डासाठी एकाच कुटुंबातले धरावेत. बँकेत संयुक्त खातं आणि वारस नेमणूक याबद्दलही खुलासा आला, आणि जवळचे नातेवाईक नसतील तर मृतदेह ताब्यात घेण्याबद्दलही आरोग्य मंत्रालयानं राज्यांना लिहिलं. ह्या पत्रांची बातमी माझ्या तालुक्यातल्या पुरवठा शाखेपर्यंत पोहोचलेली मी पाहिली नाही. मी स्वतः गेले होते विचारायला. तिथल्या बाबूंनी मला बसवलं, चहा पाजला, आणि असं काही आलेलं नाही म्हणून सांगितलं. मी नोकरीत असते तर पत्राची प्रत काढून त्यांच्या टेबलावर ठेवली असती. आता निवृत्त आहे, तरी ठेवणार आहे. दोन बायांनी अर्ज करताना आपलं नातं उघड करावं लागू नये, 'एकत्र राहणाऱ्या' एवढ्यावर कार्ड मिळावं, हीही माझी मागणी आहे. ते पत्र ज्यांच्यासाठी निघालं त्या बाया गावात नातं उघड करून अर्ज करायला येणार नाहीत.

नागपूरहून सुट्टी झाल्यावर तिला दिराच्या घरी नेलं. सही त्यांची, कार्ड त्यांचं, तेव्हा पेशंटही त्यांचा. छातीत स्प्रिंग बसवलेली, रक्त पातळ ठेवायची गोळी एक दिवस चुकवायची नाही असं कागदावर लाल शाईनं लिहिलेलं. कुठली गोळी जेवणाआधी, कुठली रात्री, हे मैत्रिणीनं वॉर्डात नर्सकडून दोनदा समजून घेतलं होतं. तिला त्या घराचा उंबरा बंद झाला. दोन महिन्यांनी मी गृहभेटीला गेले तर दाब १७६ वर १०४. गोळ्यांची पट्टी अर्धी भरलेली, खर्रा परत सुरू. "कायले जगू सिस्टर," एवढंच बोलली, सासरच्या माणसांसमोर.

त्याच संध्याकाळी मैत्रीण उपकेंद्रात आली. ओट्यावर कुणी नाही असं पाहून आत आली आणि पदराच्या गाठीतून एक कागद काढला. शाळेच्या वहीचं पान होतं. त्यावर तिनं सकाळ, दुपार, रात्र असे तीन रकाने आखले होते आणि रिकाम्या पट्ट्यांतली चमकी कापून प्रत्येक गोळीच्या नावापुढे चिकटवली होती, म्हणजे रंगावरून ओळखता येईल. "हे तिच्या उशाशी ठेवसान. मी देल्लं म्हणून नोका सांगू."

मी ते माझं म्हणून दिलं. पुढच्या महिन्यात दाब १४८ वर ९२ होता. सहा महिन्यांनी ती तिची पेटी उचलून आपल्या जुन्या घरी आली. दीर दोन दिवस बोलला नाही, मग त्यालाच आजारी माणसाची पाठ सुटल्यासारखं झालं. ते वहीचं पान आता पिवळं पडलंय, पण चुलीच्या वर भिंतीला चिकटवलेलं आहे. गेल्या आठवड्यात मी चहाला गेले होते, तेव्हा त्यात नवी गोळी वाढल्यामुळे चौथा रकाना आखायचं काम चालू होतं.